रिकाम्या गावातली चूल

१

तेरवळे गावात माणूस नव्हता, कुत्रा नव्हता, कोंबडी नव्हती, अशा वेळी राधाबाई घाडींची चूल तीन दिवस पेटत होती. तसं कागदावर छापून आलं होतं, आणि कागद वाचणारी अनुजा नाईक ही सावंतवाडीची मुलगी भिडेखातर शब्द गिळणाऱ्यांतली नव्हती.

"मीटर क्रमांक सतरा," रवळनाथाच्या देवळात जमलेल्या पन्नासेक माणसांसमोर तिने वाचलं. "गावपळणीचे तिन्ही दिवस. रोज सात तासांच्या वर वापर. बाकीचे एकवीस मीटर त्या दिवसांत शून्य आहेत."



दर चार वर्षांनी देवाचा कौल मिळाला, की अख्खं तेरवळं घरांना कड्या घालून, गुरंढोरं नि कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेरच्या माळावर जातं. तीन दिवस, तीन रात्री झावळ्यांच्या खोपीत राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचा. त्यात पाऊल टाकायचं नाही, मग विस्तव करणं तर लांबच. चौथ्या दिवशी माणसं परतली, की पहिली चूल घाडींच्या घरात पेटते आणि तिथला विस्तव नेऊन बाकीची घरं आपापल्या चुली पेटवतात. हा मान किती पिढ्यांचा, ते सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

गोबरगॅसची योजना त्यामानाने कालची. शेणाचा गॅस जाळला की रानातलं लाकूड वाचतं, धूर वाचतो, आणि तो न झालेला धूर लांबच्या शहरातल्या कंपन्या विकत घेतात. न झालेली वस्तू विकत घेणारी माणसं जगात आहेत, यावर गाव वर्षभर हसलं होतं. पण बावीस लहान शेतकऱ्यांच्या चुलींजवळ एकेक डबी बसली. गॅस किती वेळ जळला ते ती मोजायची आणि तासातासाला टॉवरवरून कंपनीला कळवायची. वर्ष भरत आलं होतं, आणि पहिली रक्कम सोडण्याआधी अनुजा तपासणीला आली होती.

"म्हणजे आमच्यातल्या कोणीतरी गावपळण मोडल्यान," गावप्रमुख बाबली गावकर सावकाश म्हणाला. पैशाचं नाव कोणी काढलं नाही. सगळ्यांच्या माना राधाबाईंकडे वळल्या होत्या.

राधाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. अडुसष्ट वर्षांची, हाडकुळी, ताठ बाई. "मी नाय," त्या म्हणाल्या, आणि एवढं बोलून थांबल्या.

"गुरुवारी देवाक कौल लावया," बाबली म्हणाला. "पाकळी उजवी पडली तर तू खरी. डावी पडली तर पहिल्या चुलीचो मान दुसऱ्या घराक."

मागच्या भिंतीशी सत्यवान लोके बसला होता. मिठबावचा हा माणूस सरकारी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेला. पंचक्रोशीत त्याला ढोरांचो डॉक्टर म्हणत. कोणाच्या गोठ्यात किती जनावरं, याचा दाखला योजनेसाठी त्यानेच दिला होता. एका पाकळीवर म्हातारीची अब्रू टांगलेली त्याला बघवेना.

"गुरुवारपर्यंत माका इचारपूस करूक देवा," तो उठून म्हणाला. "मी तिऱ्हाईत. देवाक तसदी देवच्या आधी माणसांका इचारून बघया."

२

राधाबाईंच्या स्वयंपाकघरात सगळं जिथल्या तिथे होतं. ओट्यावर गॅसची शेगडी, मागे भिंतीवर कंपनीची पांढरी डबी. दारातून गोठा दिसत होता. त्यात कपिला गाय आणि तिची पाडी, बस्स. दोघींच्या कानातले पिवळे बिल्ले सत्यवाननेच मारले होते.

राधाबाईंनी चहा टाकला. निळ्या जाळाचा फुसफुस आवाज आणि आधणाचा आवाज, एवढंच काय ते घरात ऐकू येत होतं. परवापर्यंत या वेळेला शेजारच्या दोघी-तिघी ओटीवर असायच्या. आज कोणी नव्हतं.

"राधाबाय, खरा काय ता सांग," सत्यवानने अखेर विचारलं. "त्या दिवसांत तू गावात इल्लंस?"

त्यांनी कप त्याच्यासमोर ठेवला. चेहरा हलला नाही. "मी खोपीत होतंय. माझी गाय, पाडी, कोंबडे सगळी माझ्या वांगडा."

"आणि सिद्धेश?"

"तो पण," त्या म्हणाल्या. पण उत्तर यायला जरा उशीर लागला, आणि सत्यवानच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सिद्धेश त्यांचा एकुलता एक झील, गोव्याच्या एका कंपनीत कामाला. गोव्याच्या वेशीवरच्या दोडामार्गची पोरं जातात तशी रोजची ये-जा त्याला जमण्यासारखी नव्हती; तो शनिवारी यायचा.

"कंपनीचो निरोप येता फोनार? आठवड्यात चूल किती जळली त्याचो?"

"सगळ्यांका येता, माका नाय. धनेश म्हणता, फोन जुनो झालो."

धनेश साटम हा योजनेचा गावसाथी. अर्ज त्याने भरले होते, डब्या त्याने बसवल्या होत्या. सत्यवानने मान हलवली आणि चहा संपवला.

फाटकाबाहेर बाबली त्याची वाट बघत उभा होता. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"डॉक्टर, माझी खोप त्यांच्या बाजूक होती. तिचो झील दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो तो काळोख पडल्यार इलो. तिसऱ्या दिवशी तसाच. खंय गेल्लो, ता त्याच्या आवशीक, राधाबायकय म्हायत नाय."

३

"मी नाव घेणार नाही, मॅडम," धनेश अनुजाला म्हणत होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत तिने कागद पसरले होते आणि सत्यवान समोर बसला होता. धनेश चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं तुपासारखं. साहेबलोकांशी शुद्ध मराठी आणि गावाशी मालवणी, दोन्हीत तो सारखाच गोड. "पण घर बंद असलं तरी चावी कोणाकडे असते? घरच्याच माणसाकडे."

मग सत्यवानकडे वळून तो हळूच म्हणाला, "सिद्धेश खंय होतो ता इचारा, डॉक्टर. तो सांगूचो नाय. बघा तुमी."

हे त्याला इतकं खात्रीने कसं माहीत, असा प्रश्न सत्यवानला पडला. पण तो विचारला नाही.

"तू खंय होतंस रे त्या दिवसांत?" एवढंच त्याने विचारलं.

"मी? खोपीत, बायलेपोरांसकट. आमी देवाचो नेम मोडनव नाय." धनेशने हात जोडले. ते खोटं नव्हतं. त्याला खोपीत बघणारे दहा जण होते.

तो गेल्यावर सत्यवानने कागदावर बोट ठेवलं. "मॅडम, एरवी या सतरा नंबरचा रोजचा वापर किती?"

"चार तासांच्या आसपास. कधी पाच. शनिवार-रविवार जास्त."

"आणि गावपळणीत सात. सुरुवात किती वाजता?"

"पहाटे साडेपाच. शेवट रात्री दहा." तिने भुवया वर केल्या. "का? चोरून आलेला माणूस वेळ बघून स्वयंपाक करत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"माणसाचं मला कळत नाही. शेणाचं कळतं." सत्यवान हसला. "एक गाय नि एक पाडी. दोघींचं मिळून दिवसाला बारा-पंधरा किलो शेण. त्यात दीड तास चूल जळते, फार तर दोन. आणि त्या तीन दिवसांत तर दोघी माळावर बांधलेल्या. टाकीत नवं शेण पडलंच नाही."

अनुजाने पेन खाली ठेवलं. "मग सात तास कुठून आले?"

"तेच. एकट्या म्हातारीला चहा, पेज नि निवट्या माशांच्या कढीला चार तास तरी कशाला लागतात?"

"दाखल्यावर सही तुमची आहे, काका. दोनच जनावरं आहेत ना?"

प्रश्न सरळ होता, पण सत्यवानला तो बोचला. आतापर्यंत तो दुसऱ्यांवर संशय घेत होता. आता संशय फिरून त्याच्याच अंगणात आला होता.

संध्याकाळी तो बाबलीकडे पाणी प्यायला थांबला. बाबलीची सून सुशीला भाकऱ्या थापत होती, आणि शेगडीमागच्या डबीतून सारखा चुक-चुक, चुक-चुक आवाज येत होता.

"ह्या काय गो वाजता?"

"मीटर," सुशीला म्हणाली. "गॅस चालू आसलो की वाजता. सगळ्यांचोच वाजता. सुरवातीक झोपाळलेली पोरां पाल म्हणान भियायची."

पाण्याचा तांब्या सत्यवानच्या हातात तसाच राहिला. राधाबाईंचा चहा उकळला तेव्हा त्या घरात काय काय ऐकू आलं होतं, ते त्याने पुन्हा एकदा आठवून पाहिलं.

४

बुधवारी सकाळी सहाच्या तरीवर सिद्धेश सापडला. खाडी ओलांडायला गावात तेवढी एकच होडी. पलीकडे मळईवाडी, दुसरं गाव, दुसरा देव. तिथे गावपळण नाही.

सत्यवान त्याच्याशेजारी जाऊन बसला. "गोव्याची वाट ह्या बाजून कधीपासून जाता रे?"

सत्यवानने त्याच्या हातांकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक डाग होते, काही जुने, काही ताजे. कंपनीत खुर्चीवर बसणाऱ्याला असले डाग पडत नाहीत. कढईपाशी उभं राहणाऱ्याला पडतात.

"तेल उडाला?"

पोराचा चेहरा उतरला. होडी मधोमध आल्यावर तो बोलायला लागला. "काका, नोकरी सुटली. चार म्हयने झाले. पलीकडे पर्यटकांच्या घरगुती खानावळीत मासे तळतंय. आवशीक सांगू नकात. ती सगळ्यांका सांगता, माझो झील गोव्याक ऑफिसात आसा."

"शनिवारी घराक येतंस, तो थंयसूनच?"

"होय. आठवडोभर थंयच रवतंय. ह्या आठवड्यात आवशीर असा झाला म्हणान रात्री घराक येतंय."

"गावपळणीतय कामाक गेल्लंस?"

"जावचा लागला. गावपळण बघूक मुंबैसून माणसां इल्ली. पाच खोल्यो भरल्यो. पहाटेच्या चायेक नि रात्रीच्या जेवणाक दुसरी माणसां, मदल्या येळाक मी." मग घाबरून म्हणाला, "पण मी वेशीच्या आत पाय घालूक नाय, देवाशपथ."

सत्यवानचा त्यावर लगेच विश्वास बसला. दोन दिवस ज्याच्यावर संशय घेतला, त्या पोरासमोर त्याला एकदम लाज वाटली. "शेगडी कसली? सिलिंडराची?"

"नाय. गोबरगॅस. गोठ्यात चार म्हशी आसत, गॅस संपणा नाय."

"आणि शेगडीमागे पांढरी डबी?"

"आसा. तुमका कसा म्हायत?"

"वाजता?"

"सारखी. डोक्या उठयता."

होडी पलीकडच्या धक्क्याला लागली. सिद्धेश उतरू लागला तसा सत्यवानने त्याचा दंड धरला.

"खानावळ कोणाची?"

सिद्धेश पाण्याकडे बघत राहिला. "कामार ठेवताना शपथ घातल्यान, कोणाक सांगूचा नाय म्हणान. आता पण म्हणता, तू गप रव, तोंड उघडलंस तर आवशीक सगळा कळतला."

"नाव सांग."

सिद्धेशने नाव सांगितलं. सत्यवानने त्याचा दंड सोडला नाही. उद्या सकाळी काय करायचं, ते त्याने तिथेच त्याला दोनदा समजावलं, आणि मग सोडला.

५

गुरुवारी देऊळ भरलं होतं. गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवण्यासाठी तबक तयार ठेवलं होतं. राधाबाई समोर बसल्या होत्या, धुवट लुगड्यात, हात मांडीवर. दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी होती. धनेश अनुजाच्या खुर्चीमागे उभा होता.

"कौलाच्या आधी माझी एक इनंती," सत्यवान म्हणाला. "गावात आज नवापासून कोणी चूल पेटवूक नाय, बरोबर? कौलाचो उपास आसा."

बाबलीने होकार भरला.

"राधाबायच्या घरात गावचे दोन माणूस नवापासून बसलेत. शेगडीचो कॉक बंद. ती स्वतः हय समोर. आता धा वाजले." तो अनुजाकडे वळला. "मॅडम, गेल्या तासाचा आकडा बघा. मोठ्याने वाचा."

अनुजाने फोन पाहिला. पुन्हा पाहिला. "एकवीस मीटर शून्य." तिचा आवाज बदलला. "सतरा नंबर, साठ मिनिटं. सलग."

देवळात एकच गलका झाला. कोणी म्हणालं भुताटकी, कोणी म्हणालं देवाचा कोप. राधाबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

"कोप-बिप काय नाय," सत्यवान म्हणाला. "गावपळणीत गावात कोणीच इल्ला नाय. कोणी नेम मोडूक नाय. सतरा नंबरची डबी ह्या गावात नायच आसा."

त्याने खिशातून रुमाल काढून उलगडला. आत पांढऱ्या डबीचं झाकण होतं. "राधाबायची शेगडी चालू होती तरी डबी गप होती. काल बाबलीक सोबत घेवन मी ती उघडलंय. आत पोकळ. नुसती साल. तिची खरी डबी खाडीपलीकडे मळईवाडीत आसा, एका खानावळीत. थंय चार म्हशींचा शेण. तेनी सात तास सुखान भागतत."

धनेश दरवाजाकडे सरकला. बाबलीचे दोघे पुतणे तिथे आधीच येऊन उभे राहिले होते.

"लहान शेतकऱ्यांच्या घरच्या चुलीलाच हे पैसे आहेत," अनुजा हळूहळू म्हणाली, जणू स्वतःलाच समजावत होती. "खानावळीला नाहीत. म्हणून नाव राधाबाईंचं आणि चूल खानावळीची." तिने कागद चाळले. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "राधाबाईंच्या अर्जावर खात्याचा क्रमांक आहे तो... साटम वहिनींचा. फोन नंबरही तुमचाच, धनेशराव. म्हणून निरोप त्यांना जात नव्हते."

"मॅडम, लिहिताना चूक झाली असेल," धनेश म्हणाला. "बावीस अर्ज होते. माणूस आहे, चुकतो."

"चुकलंस खरो," सत्यवान म्हणाला. "पण अर्जात नाय, गावपळणीत. दुसरो कोणी चोर आसतो तर तेना तीन दिवस ती शेगडी बंद ठेवल्यान असती. तू देवाचो नेम मनापासून पाळलंस. तुझ्या घराची चूल इजवलंस, बायलेपोरांका घेवन माळार गेलंस. तुझ्या मनान तेरवळ्यातली चूल इजली. पण सतरा नंबर कागदावर तेरवळ्यात आसा, ह्या तू साफ इसरलंस. आणि नेमकी तेव्हाच तुझी खानावळ भरलेली."

धनेशच्या तोंडाला कोरड पडली असावी. त्याने ओठ चाटले. "कोण म्हणता खानावळ माझी? आताच्या आता थंय शेगडी कोणी पेटयली?"

"मी."

दारात सिद्धेश उभा होता. होडीने आला होता, अंगावर अजून खानावळीचा तेलकट ॲप्रन. तो आईकडे बघत नव्हता. "सत्यवानकाकांनी सांगल्यानी म्हणान नवाक दोन्ही शेगड्यो लावन, दुसऱ्या माणसाक थंय उभो करून इलंय. त्याच शेगड्यांर मासे तळतंय मी. चार म्हयने झाले. गावपळणीतय मीच तळी होतंय. गोव्याची नोकरी नाय, आये."

म्हणजे आईच्या नावाने मोजला जाणारा जाळ रोज लेकच लावत होता, आणि दोघांनाही पत्ता नव्हता. हे गावाच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरल्यावर मात्र धनेशकडे कोणी सरळ नजरेने बघेना. म्हातारीच्या नावाने चोरी, आणि चोरी उघडी पडेल असं दिसताच संशय तिच्याच पोरावर. कारण ते पोर तोंड उघडणार नाही, याची व्यवस्था त्याने आधीच करून ठेवली होती.

अनुजाने कागदांची चळत बांधली. "गावाची रक्कम थांबणार नाही. सतरा नंबरची डबी आज संध्याकाळपर्यंत राधाबाईंच्या ओट्यामागे लागेल. तुमच्याबद्दल मला वर लिहावं लागेल, धनेशराव." बाबलीच्या पुतण्यांनी त्याला वाट दिली आणि तो मान खाली घालून पायऱ्या उतरला.

गुरवाने पाकळ्यांचं तबक बाजूला सरकवलं. बाबली उठून राधाबाईंसमोर आला.

"राधाबाय, आमचा चुकला. मान तुझोच. कौलाची गरज नाय."

"तुमका गरज नाय," राधाबाई म्हणाल्या. "तीन दिवस माझ्या ओटीर कोण येवक नाय. वाटेत समोर इलेले बाजूक झाले." मग त्यांनी सत्यवानकडे पाहिलं. "आणि तू. वीस वर्सां माझ्या गोठ्यात येतंस. माझी गाय अडली तेव्हा रातभर बसलंस. तू पण माका इचारलंस, खरा सांग म्हणान."

सत्यवानने डबीचं झाकण पुन्हा रुमालात गुंडाळलं. कोडं सुटल्याचा सकाळपासूनचा सगळा आनंद त्याच्या अंगातून निघून गेला. तिला तो प्रश्न त्याने विचारायला नको होता, आणि आता ते काही परत घेता येत नव्हतं.

राधाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. दारापर्यंत गेल्या, सिद्धेशचा हात हातात घेऊन त्यावरचे डाग एकेक करून बघितले. बराच वेळ बघितले.

"पोटाक मासे तळलंस, त्यात लाज कसली?" त्या म्हणाल्या. "माका सांगूक नाय, ह्येचा माका वायट वाटला."

"चुकलंय, आये."

त्या गावाकडे वळल्या. "पुढच्या गावपळणीक पहिली चूल मी पेटवूचंय नाय. माझो झील पेटवतलो."

देवळात कुजबुज झाली. तो मान बाईमाणसाचा, पुरुषाने कधी ती चूल पेटवलेली नव्हती. गुरव बाबलीकडे बघू लागला आणि बाबली देवाकडे.

"सांगा, नको म्हणान," राधाबाई म्हणाल्या. "आज माझी अब्रू कोणाच्या चुलीन वाचली, ता सांगा आणि मगे नको म्हणा."

बाबलीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "पेटवंदे," तो म्हणाला. राधाबाईंनी लेकाच्या कमरेचा ॲप्रन सोडला, घडी घातली आणि काखेत मारून त्या त्याच्या पुढे चालू लागल्या.